इंग्रजी वाक्य आणि मराठी मुले



इंग्रजी व्याकरण हा आजच्या भाषणाचा विषय ऐकताच आपल्यापैकी कित्येकांना शाळेतील जुने दिवस आठवले असतील, आणि ती आठवण सर्वांनाच सुखाची असेल असे नाही. मी विद्यापीठाची पायरी चढलेला मनुष्य नव्हे. मॅट्रिक होऊन शिक्षकी पेशात शिरलो आणि हिंगोली जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या शाळांतून सेवा करून निवृत्त झालो. त्या अवधीत दहावीच्या उंबरठ्यावर जी मुले अडखळलेली मी पाहिली, त्यांपैकी पुष्कळांना अडविणारा विषय इंग्रजी हाच होता. ही मुले मंदबुद्धीची नव्हती. बाजारात बापाबरोबर उभे राहून हळदीचा हिशेब तोंडी करणारी, एकादशीला अभंगामागून अभंग पाठ म्हणणारी ही मुले, इंग्रजीचे चार शब्द एका ओळीत मांडावयाचे म्हटले की गोंधळून जात. शब्द त्यांना येत. वाक्य येत नसे. हे असे का होते आणि त्यावर घरी व शाळेत काय करता येईल, एवढाच प्रश्न आज आपणापुढे ठेवावयाचा आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. शाळेत पाऊल टाकणाऱ्या प्रत्येक मुलाला एक व्याकरण अगोदरच पक्के येत असते. ते त्याच्या मातृभाषेचे व्याकरण होय. त्याला त्याची नावे ठाऊक नसतात, परंतु त्याचा प्रयोग तो दिवसभर अचूक करीत असतो. हे व्याकरण दाराबाहेर ठेवून इंग्रजी शिकवू गेले, तर ते मागील दाराने आत येते आणि इंग्रजी वाक्याची मोडतोड करते. तेच समोर बसवून इंग्रजीशी ताडून पाहिले, तर मुलाला त्याच्यासारखा दुसरा सोबती नाही.

ही ताडून पाहण्याची रीत काही नवी नव्हे. विल्यम केरी यांनी मराठी भाषेचे इंग्रजीतून लिहिलेले व्याकरण १८०५ साली श्रीरामपूर येथे छापले. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. दादोबांच्या पुढे एका हाताला संस्कृत व्याकरणाची परंपरा आणि दुसऱ्या हाताला इंग्रजी व्याकरणाची मांडणी होती. आज आपण जी पूर्णविराम, स्वल्पविराम आदी विरामचिन्हे वापरतो, ती इंग्रजीवरून घेऊन मराठीत रूढ करण्याचे श्रेय मेजर टॉमस कँडी यांना दिले जाते. पुढे १९११ साली मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' निघाले. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर तर कित्येक पिढ्यांनी इंग्रजी गिरविले. मराठीचे इंग्रजी करावे, इंग्रजीचे मराठी करावे, आणि दोन्ही वाक्ये शेजारी मांडून पाहावीत, ही त्या पाठमालेची पद्धत. त्यानंतर पी. सी. रेन आणि मार्टिन यांचे जाडजूड इंग्रजी व्याकरण शाळाशाळांतून आले. त्याची योग्यता मोठी आहे. परंतु त्यात मराठी मुलाची मराठी कोठेच नाही. भाषांतराची पाठमाला मागे पडली आणि शेजारची दोन वाक्येही तिच्याबरोबर गेली.

आता आमच्या भागाकडे वळू. हिंगोली हा जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा झाला. परंतु मराठवाड्याचा हा सारा प्रदेश १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते आणि माध्यमिक शिक्षणही बहुतांशी उर्दूतूनच चाले. म्हणजे त्या काळी हिंगोलीच्या मुलाच्या घरात मराठी, शाळेत उर्दू आणि पुस्तकात इंग्रजी अशा तीन भाषा नांदत होत्या. त्या पिढीतील मंडळींना उर्दू सहज येई. इंग्रजी मात्र पुष्कळांना जड जाई. हे का बरे? केवळ कानावर पडण्याचा हा परिणाम नव्हे. 'मुलाने पोळी खाल्ली' हे वाक्य घ्या. उर्दूत ते होते, 'लडके ने रोटी खाई'. 'मुलाने आंबा खाल्ला', उर्दूत 'लडके ने आम खाया'. शब्दाखाली शब्द ठेवीत जा, वाक्य आपोआप तयार होते. कर्त्याला 'ने' दोन्हीकडे आहे. क्रियापद दोन्हीकडे शेवटी आहे. खाणारा मुलगा असला तरी पोळी स्त्रीलिंगी म्हणून 'खाल्ली' आणि 'खाई', आंबा पुल्लिंगी म्हणून 'खाल्ला' आणि 'खाया', ही खोचही दोन्हीकडे तीच आहे. परंपरेने ज्यांचे जन्मस्थान आमच्या जिल्ह्यातील नर्सी मानले जाते, त्या नामदेव महाराजांची ६१ पदे गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट आहेत. नर्सीची मराठी आणि ती पदे यांच्यात अंतर शेकडो कोसांचे आहे, परंतु वाक्याची ठेवण फारशी परकी नाही. इंग्रजीत मात्र 'द बॉय एट अ चपाती' असे म्हणताच 'ने' नाहीसा झाला, लिंग नाहीसे झाले आणि क्रियापद शेवट सोडून मध्यभागी येऊन बसले. येथे शब्द बदलून भागत नाही. सगळे वाक्य फिरवून मांडावे लागते.

इंग्रजी वाक्याचा पहिला आणि सर्वांत महत्त्वाचा नियम यातूनच निघतो. हिंगोली आणि वसमत येथे हळदीच्या मोठ्या बाजारपेठा आहेत, तेव्हा उदाहरण हळदीचेच घेऊ. 'शेतकरी हळद विकतो.' या तीन शब्दांच्या सहा मांडण्या होतात. 'हळद शेतकरी विकतो', 'विकतो शेतकरी हळद', 'हळद विकतो शेतकरी'. कशाही केल्या तरी जोर इकडचा तिकडे जाईल, अर्थ बदलणार नाही. कारण विकणारा कोण हे 'विकतो' या रूपानेच सांगून टाकले आहे. हळद विकणारी असती तर ती 'विकते' झाली असती. इंग्रजीत 'द फार्मर सेल्स टर्मरिक' म्हटले म्हणजे शेतकरी हळद विकतो. शब्दांची अदलाबदल करून 'टर्मरिक सेल्स द फार्मर' म्हणा, की हळद शेतकऱ्याला विकू लागली! भाव पडलेल्या वर्षी तसेही होत असेल, परंतु आपल्याला ते म्हणावयाचे नव्हते.

म्हणून मी मुलांना सांगत असे की मराठीत शब्दाचे काम त्याच्या प्रत्ययावरून ओळखावे, इंग्रजीत त्याच्या जागेवरून. क्रियापदाच्या आधी बसला तो कर्ता, नंतर बसला ते कर्म. इंग्रजीत जागा एवढी कडक का, याचेही कारण मुलांना सांगण्यासारखे आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत नामांना आपल्यासारखेच विभक्तीचे प्रत्यय होते आणि शब्द पुष्कळ मोकळेपणी फिरत असत. पुढील काही शतकांत ते प्रत्यय झिजून गेले आणि त्यांचे काम शब्दांच्या क्रमाने उचलले. 'ही' आणि 'हिम', 'शी' आणि 'हर' या जोड्या म्हणजे त्या पडलेल्या वाड्याचे उरलेले खांब होत. इंग्रजीलाही एकेकाळी विभक्ती होती हे कळले म्हणजे मुलाची भीती निम्मी होते.

आता वाक्य थोडे लांबवू. 'शेतकरी सकाळी बाजारात हळद विकतो.' याचे इंग्रजी होते, 'द फार्मर सेल्स टर्मरिक इन द मार्केट इन द मॉर्निंग'. कर्ता दोन्हीकडे आरंभी आहे. त्याच्या पुढील भाग मात्र नीट ऐका. मराठीत सकाळी, बाजारात, हळद, विकतो. इंग्रजीत विकतो, हळद, बाजारात, सकाळी. क्रम अगदी उलटा झाला. 'बाजारात' या एका शब्दाच्या पोटातही तेच घडले आहे. आपला 'त' बाजाराच्या मागे लागतो, त्यांचा 'इन' बाजाराच्या पुढे येतो. 'औंढ्याच्या देवळाच्या दाराशी' याचे इंग्रजी 'ॲट द डोअर ऑफ द टेम्पल ऑफ औंढा'. आधी 'शी', मग दार, मग देऊळ, मग औंढा. जणू मराठी वाक्य आरशात पाहावे तसे. प्रश्नाचेही तसेच. 'तो येतो का?' यातील 'का' आपल्याकडे शेवटी. 'डज ही कम' यातील 'डज' त्यांच्याकडे आरंभी.

हा योगायोग नव्हे. जोसेफ ग्रीनबर्ग या अमेरिकन भाषाशास्त्रज्ञाने १९६३ साली जगातील निरनिराळ्या ३० भाषांची तुलना प्रसिद्ध केली. तीत असे आढळले की ज्या भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, त्यांत आपल्या 'वर', 'खाली', 'मध्ये' यांसारखे शब्दही प्रायः नामाच्या मागून येतात. मराठी, कन्नड, जपानी, तुर्की या साऱ्या या पंक्तीतल्या. खेड्यातील मूल 'इन'च्या जागी अडखळते तेव्हा ते अडाणीपणा करीत नसते. आपल्या भाषेच्या कुळधर्माला ते जागत असते. तेव्हा त्याला सूत्र द्यावे ते असे: कर्ता जागेवर ठेव आणि उरलेले मराठी वाक्य शेवटाकडून वाचीत ये. हे सूत्र सर्वत्र लागू पडते असे मात्र नाही. विशेषण दोन्ही भाषांत नामाच्या आधीच राहते. 'पिवळी हळद' ही 'यलो टर्मरिक'च राहील. परंतु आरंभीच्या मुलाला हाती धरावयास एवढी काठी पुरेशी आहे.

दुसरा नियम असा की इंग्रजी वाक्याला कर्त्यावाचून चालत नाही. मराठीत 'आलो' एवढेच म्हटले तरी बोलणारा स्वतःविषयी बोलतो आहे, हे कळते. इंग्रजी 'केम' या शब्दाला एवढेही सांगता येत नाही, म्हणून 'आय' लागतो. कर्ता नसेलच तर इंग्रजी तो उभा करते. आपल्याकडे पाऊस पडतो. त्यांच्याकडे 'इट रेन्स'. हे 'इट' कोण, असे मुले विचारतात. कोणीच नव्हे, ती रिकामी जागा भरण्यासाठी बसविलेली मूर्ती आहे.

याच्याच जोडीला आणखी एक अडचण येते. 'मला भूक लागली', 'मला आंबा आवडतो', 'मला दोन भाऊ आहेत' या वाक्यांत मराठी मनुष्य 'मला' म्हणून बाजूला उभा राहतो. भूक लागते, आंबा आवडतो आणि भाऊ असतात. इंग्रजी त्याला बाजूला राहू देत नाही. 'आय ॲम हंग्री', 'आय लाइक मँगोज', 'आय हॅव टू ब्रदर्स'. तिन्ही वाक्यांत त्याला कर्त्याच्या जागी यावे लागते. 'मला'चे इंग्रजी 'टू मी' असे पाठ केलेल्या मुलाला ही वाक्ये कधीच साधणार नाहीत. ज्याला अनुभव येतो तो इंग्रजीत बहुधा कर्ता होतो, एवढे त्याला एकदा उलगडून दाखविले पाहिजे.

तिसरी गोष्ट क्रियापदाची. येथे इंग्रजी आपल्यापेक्षा सोपी आहे, आणि हे मुलांना अवश्य सांगावे. आपण जातो, जाते, जातात, गेला, गेली, गेले अशी केवढी रूपे करतो! इंग्रजी क्रियापदाला लिंगच नाही. वर्तमानकाळात तृतीय पुरुषी एकवचनाला एक 'स' लागतो, आणि नेमका तोच मुले विसरतात. नकारार्थी वाक्यात तर तो 'स' जागा सोडून जातो. 'ही कम्स', परंतु 'ही डज नॉट कम'. हा 'डज' आला कोठून, याचे उत्तर मराठीतच आहे. 'ते येतात' याचा नकार करा: 'ते येत नाहीत'. 'येतात'मधील अनेकवचनाची खूण क्रियापद सोडून 'नाही'ला जाऊन चिकटली की नाही? तसाच 'कम्स'मधील 'स' निघून 'डू'ला चिकटला आणि 'डज' झाला. मूळ क्रियापद दोन्ही भाषांत मोकळे राहिले. मूल 'ही नॉट कम' म्हणते तेव्हा त्याला 'ते येत ना' असे मराठीत म्हणून दाखवावे. ते हसेल आणि स्वतःच दुरुस्त करील.

आता ज्या गोष्टीसाठी हे भाषण करण्याचे मी मनावर घेतले, तिच्याकडे येतो. आमच्या मराठवाड्यात 'काय करायलास?' असे विचारतात. 'मी शाळेत जायलो', 'पाऊस पडायलाय' असे बोलतात. पुण्या-मुंबईचा पाहुणा हे ऐकून हसतो, आणि आमच्यातीलच शिकलेली माणसेही मुलांना 'असे गावंढळ बोलू नकोस' म्हणून दटावतात. परंतु या बोलीत काय साठविले आहे ते पाहा. 'मी शाळेत जातो' म्हणजे रोज जातो, तो माझा परिपाठ आहे. 'मी शाळेत जायलो' म्हणजे या क्षणी वाटेवर आहे. ग्रंथातील मराठीत याला 'जात आहे' असे रूप आहे, परंतु रोजच्या बोलण्यात शहरातील मनुष्य 'मी जातो' एवढ्यावरच दोन्ही कामे भागवितो. आमचे मूल भागवीत नाही; त्याच्या तोंडी हा भेद ठसठशीत आहे. आणि इंग्रजी शिकणाऱ्यांना पदोपदी चकविणारा भेद नेमका हाच. 'आय गो टू स्कूल' आणि 'आय ॲम गोइंग टू स्कूल', साधा वर्तमान आणि चालू वर्तमान! 'जातो' तेथे 'गो', 'जायलो' तेथे 'ॲम गोइंग'. 'पाऊस पडतो' तेथे 'इट रेन्स', 'पाऊस पडायलाय' तेथे 'इट इज रेनिंग'. कळमनुरी किंवा सेनगावकडील मुलाला एवढे सांगितले की चालू काळाचा धडा एका तासात संपतो. जी बोली दटावून गप्प करावयाची, तीच या ठिकाणी त्याची शिडी आहे. ग्रांथिक मराठी त्याला शिकवावी, अवश्य शिकवावी. परंतु घरची बोली लाजेची वस्तू आहे असे त्याच्या मनावर ठसवून नव्हे. लाजलेले मूल तोंड उघडीत नाही, आणि तोंड उघडल्यावाचून कोणतीही भाषा येत नाही.

शहरातील सुशिक्षित कुटुंबांना दोन शब्द सांगावेसे वाटतात. सन २००० पासून महाराष्ट्रात मराठी शाळांतूनही पहिलीपासून इंग्रजी शिकवू लागले. घरोघरी तर त्याच्याही आधीपासून आरंभ होतो. 'बाळ, ॲपल खा', 'हँड धुऊन ये', 'मला वॉटर दे'. आईबापांना वाटते की मूल इंग्रजी शिकते आहे. वस्तुतः हे वाक्य नखशिखांत मराठी आहे. क्रियापद शेवटी आहे, प्रत्यय मराठी आहेत. इंग्रजीचे एक नाम मात्र उसने आणून बसविले आहे. अशी शंभर नामे आली तरी एक वाक्य येणार नाही, आणि सफरचंद, हात व पाणी हे मराठी शब्द मात्र जातील. मुलाशी मराठी बोलावयाचे तर संपूर्ण मराठी बोलावे आणि इंग्रजी बोलावयाचे तर लहानसे का होईना, संपूर्ण वाक्य बोलावे. दोन भाषांच्या सीमा घरात स्वच्छ राहिल्या तर मुलाच्या डोक्यातही स्वच्छ राहतात.

यासाठी मोठी विद्वत्ता लागत नाही आणि खर्च तर मुळीच नाही. रोज रात्री जेवणानंतर दिवसात घडलेल्या गोष्टींची पाच मराठी वाक्ये मुलाने सांगावीत. प्रत्येक वाक्याला प्रश्न करावेत: कोण? काय करतो? कोणाला अथवा काय? कोठे? केव्हा? ज्या क्रमाने प्रश्न केले त्याच क्रमाने उत्तरे ठेवली की इंग्रजी वाक्याचा सांगाडा उभा राहतो. दुसऱ्या दिवशी तीच पाच इंग्रजी वाक्ये पाहून मुलाने पुन्हा मराठी करावी आणि आपली मूळ वाक्ये व नवी वाक्ये जुळतात का ते तपासावे. जेथे जुळत नाहीत तेथेच व्याकरणाचा धडा आहे. आजोबांना इंग्रजी येत नसले तरी 'कोण' आणि 'कोठे' त्यांना विचारता येते. म्हणून ज्या घरात कोणीच इंग्रजी शिकलेले नाही, त्या घरातही हा अभ्यास होऊ शकतो.

आपल्यापैकी कोणाच्या घरी यंदा दहावीला बसणारे मूल असेल, किंवा घरकामास येणाऱ्या बाईंचे मूल असेल, तर त्याला पाठांतराची नवी वही देण्यापूर्वी एकदा जवळ बसवावे, त्याच्याच बोलीतील एक वाक्य त्याच्याकडून म्हणवून घ्यावे आणि त्यातील कर्ता कोण एवढेच विचारावे. तो ते बिनचूक सांगेल. तुला व्याकरण येते, असे त्या वेळी त्याला सांगण्यास विसरू नये. पुष्कळ मुलांना ही गोष्ट आजवर कोणी सांगितलेलीच नसते.